दारात बदकीण, खिडकीतून मी

प्रिय धाकटे गुद्रून,

तुझे गुडघे, तुझी शेळी आणि तुझा राग कसे आहेत? पहिली दोन बरी असोत, तिसरा उतरला असो. इकडे आम्ही दोघं नवरा-बायको ठणठणीत.

माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू एवढी बोटीनं आलीस, गळ्यात अकॉर्डियन, आणि मी धक्क्यावर तोंडावर बोट ठेवून तुला हातानं परत जा, परत जा करत होते. (कोणालाही वाटेल, बाईचं डोकं फिरलं.) म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चारच वर्षांची, ओळी तिरक्या गेल्या तर मान तिरकी करून वाच.

त्याचं असं झालं, तोरलेफनं दरवर्षीसारखी किनाऱ्यावर त्या मऊ पिसांच्या आयडर बदकांसाठी दगडांची घरं रचली, आत वाळकं शेवाळ अंथरलं. अकरा वर्षांत एकही बदकीण फिरकली नव्हती, तरी म्हातारा अंथरायचाच. यंदा एक आली, पण ती सगळी घरं सोडून थेट आमच्या दारात, बुटांच्या कोपऱ्यात, त्याच्या लोकरी टोपीत बसली! पाच अंडी. आता तू लहानपणी पाहिलंयस, आपल्या बेटावर बदकीण बसली की माणसानं पाहुण्यासारखं राहायचं. धसका बसला तर ती अंडी टाकून जाते. म्हणून दार उघडंच ठेवलं आणि सव्वीस दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ये-जा केली. (एकदा अडकले, अर्धी आत, अर्धी बाहेर. तोरलेफ मागून ढकलता ढकलता कुजबुजला, "वाफल जरा कमी खात जा, बाई." मी म्हटलं, "तू आधी ढकल, मग बोल.") त्याचे बूट बदकिणीच्या ताब्यात, तेव्हा म्हातारा माझ्या लाल सपाता घालून मासे धरायला जायचा. आणि भांडणं? पंचावन्न वर्षं आम्ही ओरडून भांडलो. कुजबुजत भांडून बघ, गुद्रून. जवळ यावं लागतं.

तू आलीस तो तिचा एकोणिसावा दिवस. आणि तू तर बोटीतच सूर धरला होतास! काय करणार होते मी?

काल सकाळी आईमागं पाचही पिल्लं टुणटुण उंबरा उतरली आणि समुद्रात गेली. मी रडले. म्हातारा म्हणाला, त्याच्या डोळ्यांत कांदा गेला. (घरात कांदा नव्हता.)

तुझी मोठी बहीण,
बोर्गहिल्ड

ता. क. घरट्यातली पिसं आता आपली. मूठभर आहेत, निवडून, साफ करून पाठवते. आईच्या दुलईचा पायाकडचा कोपरा चपटा आहे, तिथं भर. दुलई मागत नाहीये, ती तुझ्याकडेच शोभते.

आणखी एक ता. क. गुद्रूनला वस्तू सांभाळता येत नाहीत, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. तो कोपरा मीच जाळला होता, लग्नाआधी, तोरलेफचा पेटता पाइप आईपासून लपवताना, आणि आईला तुझं नाव सांगितलं. आता ये. अकॉर्डियन आण, आणि आल्यावर माझ्यावर वाटेल तितकं ओरड. घरटं रिकामं आहे.