काटा कुठे थांबला

आई, आज बैठकीत मला एका बाईने गप्प केलं. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या दम्या-खोकल्यावर मी संशोधन करतेय, आपल्याच जुन्या वस्तीत. यंदा नियम असा की जिच्यावर संशोधन करायचं, तिनेही आम्हा डॉक्टरांच्या बरोबरीने बसून काय तपासायचं, कसं तपासायचं ते ठरवायचं. म्हणून पाच बायका समितीत आहेत. खरं सांगते, पहिल्या दोन बैठकांत मी त्यांना चहा दिला, सह्या घेतल्या आणि ठरवलं सगळं मीच. दम मोजायच्या नळीत फुंकायची तपासणी सकाळी दहाला ठेवली. एकही बाई फिरकली नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘सहकार्य नाही.’ दहा वाजता बायका वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याच्या रांगेत असतात. त्याच रांगेत तुझा पदर धरून मी लहानपणी उभी राहिलेय, तरी विसरले.

आज वेळ बदलून दुपारी चार केली आणि मला वाटलं, झालं. तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, “आमी नळीत फुंकनार. किती आलं ते आमाला कोन सांगनार?”

मी म्हणाले, काम संपलं की अहवाल निघेल.

“कारखान्यात विडी छाटून बाजूला काढली तर तोंडावर सांगत्यात, पान फाटलंय का तंबाखू कमी हाय. तुमी आमचा दम मोजनार आन् गप बसनार व्हय? मग आमी न्हाय फुंकत. लिवा तसं.”

बाकीच्या चौघींनी कप खाली ठेवले. मला राग आला, तो लपवताही आला नाही. पण त्या उठल्या असत्या तर कामच थांबलं असतं, आणि ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. मी कागदावर लिहिलं, प्रत्येकीचा आकडा तिला तिथल्या तिथे सांगायचा. तिने ते शेजारणीकडून वाचून घेतलं. मग म्हणाली, “आदी माजं घ्या.” तिने फुंकलं. कमी आलं, बरंच कमी. मी नळीवरचा काटा तिच्याकडे वळवून दाखवला, औषध लागेल म्हणून सांगितलं. “बरं. कळलं तरी,” म्हणाली आणि नळी पुढचीकडे दिली.

आई, तो दिवस अजून दिसतो: मी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सरावासाठी हीच नळी कॉलेजातून घरी आणलीय. तू मांडीवरचं तंबाखूचं सूप खाली ठेवतेस, हात पदराला पुसतेस, परीक्षेला बसल्यासारखी ताठ होऊन फुंकतेस. “किती आलं गं?” मी म्हणते, “छान आहे.” तू खूश होऊन सूप परत मांडीवर घेतेस.

हे पत्र समितीच्या फाइलमध्ये राहील, दुसरीकडे कुठे धाडणार. त्या दिवशी तुझा काटा अर्ध्यावरही गेला नव्हता, आई. सांगितलं असतं तर विड्या वळणं थांबव म्हणावं लागलं असतं, आणि माझ्या फीची दोन वर्षं अजून बाकी होती.