मिठाची साय

ते चाळीस रुपये तू घ्यायलाच नको होते, बाबा. माझ्या थोबाडीत एक ठेवून द्यायची, पिशवी उचलायची आणि चालू पडायचं. दुसरा कुणीही बाप असता तर त्यानं हेच केलं असतं. तू मात्र भाव केलास. शेठ तीस म्हणाला तर तू चाळीसवर अडून बसलास, माझ्यादेखत, आणि नोटा मोजून खिशात घातल्यास. नऊ वर्षं झाली तुला जाऊन, मी अजून त्याच दारात उभा राहून तुझ्याशी भांडतोय. चूक माझी होती, ते ठाऊक आहे मला. पण तू भाव का केलास?

मी आठवीतून शाळा सोडलेली, कुठं महिनाभर टिकायचो नाही, आणि कसाबसा रोह्याच्या त्या हॉटेलात वेटर झालो होतो. काचेचं दार, आत एसी, दुपारी कंपन्यांतले साहेब जेवायला यायचे. तिथल्या पोरांना मी सांगून ठेवलं होतं की माझा बाप पेणला मास्तर आहे. आणि तू आलास तो नेमका जेवणाच्या गर्दीत, पुढच्या दारानं. पायात काही नाही, पोटऱ्यांवर मिठागराचा पांढरा थर वाळलेला, खांद्यावर कापडी पिशवी. 'माझा पोर हितं...' एवढंच म्हणालास आणि मी धावत आलो. म्हणालो, 'काका, मीठ मागच्या दारानं. तुम्ही तिकडं जा.' जन्मात कधी तुला तुम्ही म्हटलं नव्हतं. गल्ल्यावरून शेठनं विचारलं, 'कोण रे?' मी म्हणालो, 'मीठवाला, शेठ.' तू माझ्याकडे पाहिलंस. फार नाही, पापणी लवावी एवढंच. मग शेठकडे वळलास, 'व्हय शेठ, मीठवाला.' शेठनं चिमूट तोंडात टाकली, म्हणाला, चांगलं आहे, तीस देतो. 'साय हाय शेठ ही, पाण्यावर धरलेली, बुडाचं मीठ नाय. चाळीसच्या खाली परवडत नाय.' पैसे घेऊन तू मागच्या दारानं गेलास. मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढ्या घासाघिशीनंतर कुणाला शंका येणार? माझं खोटं तू पक्कं करून गेलास.

पुढच्या सुट्टीला घरी आलो तेव्हा तू माझ्या ताटात मीठ वाढलंस आणि म्हणालास, 'घ्या शेठ. घरच्या माणसाला भाव नाय लावत आमी.' आईला काही कळेना. 'काय रं, काय झालं?' तू म्हणालास, 'काय नाय गो, आमचा धंद्यातला मामला हाय.' आणि हसलास. मी ताटावरून उठलो. तू शिवी दिली असतीस तर मी रडलो असतो आणि विषय संपला असता, पण तू तर हसत होतास. महिन्याभरात रोहा सोडलं, मुंबईहून जहाजावर भांडी घासायला गेलो. तू गेल्याचं कळलं तेव्हा चारी बाजूंना पाणी होतं. नंतर आईनं फोनवर सांगितलं, ती पिशवी तू विकायला नेलीच नव्हतीस. आठ दिवस वरची साय तेवढी गोळा करून शेठला भेट द्यायला नेली होतीस, 'मीठ काय असतं त्याला कळू दे, माझ्या पोराकडं जरा लक्ष ठेवील.' घरी येऊन तिच्या हातात चाळीस रुपये दिलेस आणि सांगितलंस, शेठ फुकट घेईना, जबरदस्तीनं दिले. तिनं त्याचे सुके बोंबील आणले. त्या सुट्टीला मी तेच खात होतो.

आता मी कुठं आहे ते ऐक. जहाजावरच्या एका कुकनं मला फ्रान्समध्ये आणलं. शहर नाही, खेडं. गव्हाची शेतं, गाई, आणि एका जुन्या दगडी गोठ्याचं केलेलं हॉटेल. बारा टेबलं. माणसं तीन-तीन महिने आधी जागा धरतात, दोन तास गाडी चालवत येतात आणि चार तास जेवतात. एकामागून एक नऊ ताटं, प्रत्येकात दोन घास. मी आधी टोप घासायचो, आता थंड पदार्थांची ताटं लावतो. ताट बाहेर जाण्याआधी त्याची कड फडक्यानं पुसायची, बोटाचा ठसा दिसला तर शेफ ताट परत पाठवतो. तिसरं ताट म्हणजे नुसता पाव आणि लोणी, लोण्यावर चिमूटभर मीठ. हसशील तू. पण ते मीठ ठेवताना ताटं नेणारी मुलगी जरा वाकते आणि हळू आवाजात सांगते, हे कुठल्या मिठागरातलं, कुणी काढलं. नाव घेऊन सांगते, बाबा. साहेब लोक मान हलवतात.

ज्याचं नाव घेते तो म्हातारा महिन्यातून एकदा इथं जेवायला येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो. मिठागरातले बूट तसेच पायात, फरशीवर पांढरे ठसे उमटत गेले. मला वाटलं आता कुणीतरी त्याला मागच्या दारानं यायला सांगेल. शेफ हात पुसत बाहेर गेला, त्याला मिठी मारली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसवलं. तो जेवून जाईपर्यंत ते ठसे कुणी पुसले नाहीत. मी आत उभा राहून मुळ्याच्या चकत्या करत होतो. त्या दिवशी त्या फार जाड झाल्या, सगळ्या फेकाव्या लागल्या.

गेल्या सोमवारी सुट्टी होती. शेफ आम्हा सगळ्यांना त्या म्हाताऱ्याच्या मिठागरावर घेऊन गेला. तुझ्या आगरासारखंच, बांध घातलेले वाफे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं. वास तर असा की डोळे मिटले असते तर आपली धरमतरची खाडीच वाटली असती. दुपार कलली, वारा मंदावला आणि पाण्यावर ती पातळ साय धरली. म्हाताऱ्यानं लांब दांड्याची फळी एकेकाच्या हातात दिली. कुणी साय बुडवली, कुणी तळाचा गाळ ढवळला, हसून हसून बेजार. मग फळी माझ्याकडे आली. मी काही ठरवलं नव्हतं, बाबा. हातांनीच केलं. वाऱ्याच्या बाजूला उभा राहिलो, दांडा हलका धरला, आणि कानात तुझा आवाज, 'जोर नको लावू. साय हाय ती. दुधावरची काढताना तुझी आय टोप हलवते का?' अख्खी साय न मोडता कडेला आली. पांढरी, जराही गाळ नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, 'कुणी शिकवलं?'

सांगायला काय हरकत होती? तिथं तर मिठागरवाल्याच्या पोराला खांद्यावर घेतलं असतं त्यांनी. पण शेफला मी कामावर लागताना तेच मास्तराचं सांगितलं होतं, आणि तोंडातून निघालं, 'फोनवर बघितलं.' सगळे हसले. म्हातारा हसला नाही. माझ्या मनगटाकडे पाहत म्हणाला, 'बरा फोन आहे तुझा.' अगदी तुझ्यासारखं, बाबा. शेवटी निघताना त्यानं मी ओढलेलं मीठ एका कापडी पिशवीत भरलं आणि माझ्या हातात दिलं. शेफनं ते पाहिलं. म्हणाला, शनिवारी लोण्यावर हेच जाईल.

काल शनिवार होता. ताटं लावायच्या आधी ती मुलगी माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, 'आज टेबलावर कुणाचं नाव सांगू?' मी म्हणालो, म्हाताऱ्याचंच सांग. ती दोन पावलं गेली आणि मी तिला परत बोलावलं. म्हणालो, 'सांग, आमच्या कुकनं काढलंय, त्याच्या बापानं शिकवलं. बाप मिठागरात कामाला.' तुझं नावही सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना, तीनदा म्हणवून घेतलं. शेफनं ऐकलं आणि मान वर केली, पण मास्तराचं काही काढलं नाही. मग बाराही टेबलांवर लोण्याबरोबर तुझं नाव गेलं.

इथवर चांगलं झालं असं वाटत असेल तुला. पण त्या मुलीनं पुढं विचारलं, 'त्यांना बोलाव ना जेवायला, खिडकीचं टेबल देऊ.' आणि मी म्हणालो, 'हो, येतील. पुढच्या वर्षी.' परत खोटंच बोललो, बाबा. ती वहीत लिहूनही बसली.

हे पत्र कुठं टाकणार, म्हाताऱ्यानं दिलेल्या त्याच मिठाच्या पिशवीत घालून ठेवतो. आईला या महिन्याचे पैसे उद्या पाठवायचेत. वरचे कसले म्हणून ती विचारील, काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. तीस हजार चाळीस पाठवतोय.