नवमी कुणाची?

डोंबिवली पूर्व
१६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. विमलआत्यास,

देवयानीचा सा. न. आणि त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न.

फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही. व्हॉट्सॲपवर लिहावं तर रसिकावहिनी ते अख्ख्या खडवलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तुला वाचून दाखवते. हे खडवलीसाठी नाही, म्हणून पत्र.

मी दर रविवारी ठाण्याला एका वर्गाला जाते, हे आईने तुला तोंड वाकडं करून सांगितलंच असेल. चाळिशी उलटल्यावर स्वतःला ओळखायला फी भरणारी बाई तिला बघवत नाही. तिथे थोडं तत्त्वज्ञान असतं, ‘मी’ म्हणजे देह, की मन, की नुसती सवय. थोडं समाजशास्त्र असतं, आपण जिला आपली आवड म्हणतो ती आडनावाने आणि आळीने आधीच किती ठरवलेली असते ते. आणि कुटुंबाविषयी बरंच काही. आमच्या मेघाली मॅडम माझ्याहून चांगल्या दहा वर्षांनी लहान आहेत. त्या सांगतात की माणूस एकटा नसतोच, घरातल्या प्रत्येकाला एक जागा वाटून दिलेली असते आणि आपण तिलाच स्वभाव म्हणत बसतो. ज्याविषयी घरात कुणीच बोलत नाही, तिकडे आधी बघा, असंही म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

काल अविधवा नवमी. समोरच्या राऊतकाकूंनी मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं. त्यांच्या सासूबाई अहेवपणी गेल्या, त्यांची नवमी. खीर वाढता वाढता काकू सहज बोलून गेल्या, की सासरे आहेत तोवर हे करायचं. नवरा गेला की त्या बाईची नवमी बंद. माझा हात ताटातच थांबला.

आपल्याकडे दर वर्षी नवमी व्हायची. बाबा गेले आणि ती बंद झाली. मी समजत होते ती आजीची. पण आजी तर आजोबांच्या मागे कितीतरी वर्षं होती, मला तिचं कपाळ मोकळंच आठवतं. मग आपल्या घरात अहेव कोण गेलं? आणि बाबांबरोबरच ते बंद का व्हावं?

घरी येऊन आईला विचारलं. ती गवार मोडत होती. जुन्या लोकांचं काहीतरी होतं, संपलं आता, असं म्हणाली आणि उठून तिने टीव्हीचा आवाज वाढवला. आत्या, आम्हाला टीव्ही हळू करायला सांगण्यात जिचा जन्म गेला, तिने आवाज वाढवला.

तू बाबांची सख्खी बहीण आहेस. मला ठाऊक नाही असं मात्र लिहू नकोस.

लोभ आहे तसाच असू दे, या वेळी त्यात थोडं खरं मिसळून पाठव.

तुझी,
देवयानी


खडवली
२२ सप्टेंबर २०२५

चि. देवयानी हिस,

विमलआत्याचे अ. आ., आणि तुझ्या मॅडमना लांबूनच नमस्कार.

आज घट बसले. हातावरची माती धुतली आणि लिहायला घेतलं. रसिका दोनदा डोकावून गेली, कुणाचं पत्र म्हणून. बँकेचं आहे म्हटलं. बँकेचं पत्र वाचून सासूच्या डोळ्यांत पाणी का, हे तिने विचारलं नाही, पण ती विचार करते आहे हे तिच्या पाठीवरून कळतं.

आधी मला सांग, हे विचारायला तुला कुणी लावलं? इथे बिल्डरची माणसं फिरताहेत, घरोघर वारस विचारत. तशात माझ्या भाचीला चाळीस वर्षांनी नवमी आठवते! तुझ्या मनात काही नसेल. पण माणसाच्या मागे कोण उभं आहे ते बघायची मला खोड आहे, आणि ती तुझ्यातही उतरलेली दिसते. त्यासाठी फी कशाला भरलीस? मी फुकट शिकवली असती.

नवमी कुणाची हे मला ठाऊक आहे. नाही म्हणून खोटं बोलायचं माझं वय राहिलं नाही. पण ते सांगणं माझ्याकडे नाही, आणि तुझ्या आईकडेही नाही. एवढंच लिहिते, की माझी वहिनी, तुझी आई, आपल्या घरात आली ती बोहल्यावरून थेट दुधाच्या पातेल्यापाशी. शालूची घडी घालायच्या आत बाटली उकळत बसली. अशा बाईला या वयात कोर्टात उभी करू नकोस.

पथ्यपाणी सांभाळ, आणि माझ्यावर रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझी,
विमलआत्या


डोंबिवली पूर्व
२८ सप्टेंबर २०२५

ती. दादास,

सा. न., पण वाचायच्या आधी बसून घे. फोनवर बोलले असते तर तू नंतर बोलू म्हणून ठेवून दिला असतास. शिवाय आमच्या दोन खोल्यांत आईला ऐकू येणार नाही असा कोपरा नाही.

सोबत आत्याच्या पत्राचा फोटो काढून ठेवला आहे. बोहल्यावरून उतरलेली नवी नवरी कुणाच्या दुधाची बाटली उकळते? घरात तान्हं मूल असेल तरच ना? राऊतकाकू म्हणाल्या ते धरलं, तर नवमी बाबांच्या आधीच्या बायकोची होती. दादा, बाबांचं आधी लग्न झालेलं होतं आणि ती बाई गेली. आपण दोघं तिचे आहोत. आईचे नाही.

माझं वेड म्हणशील. पण आठवून बघ. आईबाबांच्या लग्नाचा एकही फोटो घरात नाही. आपण कुठल्या हॉस्पिटलात झालो, किती रडायचो, पहिला शब्द कोणता बोललो, हे बाकीच्या आया हजारदा सांगतात, आपल्या आईने एकदा तरी सांगितलं का? मला दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा ती आधी तुझ्याकडे बघून घेऊन मग हसली होती. कधी उचलून जवळ घेतलं नाही, कधी वाईटही वागली नाही. सगळं मोजूनमापून. होस्टेलच्या रेक्टरसारखं.

आत्याचं पत्र आल्यापासून मी तिच्याकडे चोरून बघते आहे. तिची हनुवटी, माझी हनुवटी. आज वर्गात मॅडमनी माझी ही गोष्ट फार लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, की हे कळल्यावर मला काय वाटलं. मी खरं सांगितलं. धक्का बसला, आणि सुटल्यासारखंही वाटलं. एवढी वर्षं वाटायचं की माझ्यातच काही कमी असावं म्हणून आई हात राखून असते. आता कळलं की माझ्यात कमी काही नव्हतं, ती सावत्र होती एवढंच.

तू शनिवारी येशील तेव्हा दोघं मिळून तिला विचारू. तोवर काही बोलू नकोस.

आपली माया होती तशीच राहील, ती तर एका रक्ताची आहे.

तुझी,
देवी


डोंबिवली
८ ऑक्टोबर २०२५

चि. विनीत यास,

अनेक आशीर्वाद. पत्र राऊतकाकूंच्या हातून टाकते आहे. घरातून फोन करता येत नाही.

तू शनिवारी आला नाहीस. तुझी कढी आम्ही दुसऱ्या दिवशी संपवली. कामाचं कारण देवयानीला सांगितलंस, तिने मला सांगितलं. कारण सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

तिला संशय आला आहे. नवमीचं विचारत होती. आता विचारत नाही, नुसती बघत असते. मी पोळी लाटते तर माझ्या हातांकडे बघते, मग स्वतःच्या हातांकडे. परवा तिच्या केसांना तेल लावायला घेतलं तर म्हणाली, कशाला उगाच करतेस, तुला कुणी सांगितलं आहे का? मी तेलाची वाटी तशीच उचलून ठेवली. मला वाटतं, ती माझी नाही असं तिने धरलं आहे.

विनीत, तू लहान असताना मी तुला शब्द दिला होता. तो आजपर्यंत पाळला. मनूच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात आहे, तो कुलदेवीचा आहे असंच देवयानी समजते. तुझ्या बाबांनी दोन-तीनदा म्हटलं, की आता मुलं मोठी झाली, सांगून टाकू. मी विनीतला विचारल्याशिवाय नाही म्हटलं, आणि तुला विचारायचा धीर झाला नाही. आज विचारते.

तू माझा नाहीस असं मला तिला सांगायचं नाही. ती माझी आहे एवढंच सांगायचं आहे. पण एक सांगितलं की दुसरं आपोआप सांगितलं जातं, त्याला माझ्याकडे तोड नाही. तू नको म्हणालास तर गप्प बसेन. तिला वाटतं ते वाटू दे. मी सोसेन, आणि तीही सोसेल, ती माझ्यासारखीच आहे.

जेवणाच्या वेळा सांभाळ. शनिवारी कढी करणारच आहे.

तुझी,
आई


ठाणे
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय देवी,

आशीर्वाद देण्याइतका मी मोठा झालो आहे का, याची या आठवड्यात शंका आहे. म्हणून नुसतं प्रिय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला वाटलं की तुला सगळं कळलं आहे आणि तू मला चिमटे काढते आहेस. ‘एका रक्ताची माया’ वाचून तर खात्रीच पटली. नंतर कळलं की तू मनापासून लिहिलं आहेस. ते जास्त वाईट होतं. दोन शनिवार मी डोंबिवलीला यायच्या ऐवजी तलावपाळीवर बसून शेंगदाणे खाल्ले, शपथेवर सांगतो, एवढे शेंगदाणे कॉलेजातही खाल्ले नव्हते.

तुझं गणित बरोबर आहे. बाबांचं आधी लग्न झालं होतं. तिचं नाव मनोरमा, घरात मनू म्हणत. ती गेली तेव्हा मूल तान्हं होतं. ते मूल मी. एकटा मी. तू त्यानंतर पाच वर्षांनी झालीस, कल्याणला, आईच्या पोटी, आणि मला तो दिवस आठवतो, कारण मला घाईघाईत विमलआत्याकडे नेऊन टाकलं होतं. हॉस्पिटलच्या, पहिल्या शब्दाच्या गोष्टी आईने तुला का सांगितल्या नाहीत? सांगितल्या असत्या तर मी माझ्याही मागितल्या असत्या. तिच्याकडे माझ्या नव्हत्या.

मला कळलं ते चौथीत असताना. त्या वर्षी बाबांनी मला पहिल्यांदा नवमीला बसवलं. गुरुजींनी आईचं नाव विचारलं. मी खणखणीत आवाजात लक्ष्मी म्हटलं. स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी खाली पडली. जिवंत बाईचं नाव मी श्राद्धात घेतलं होतं. मग बाबांनी हळूच दुसरं नाव सांगितलं आणि मी ते म्हटलं, पुढे बाबा होते तोवर दर वर्षी पुटपुटत म्हणत राहिलो.

जेवणं झाल्यावर मी आईला मोरीपाशी गाठलं. तू तेव्हा एवढीशी होतीस, माझ्या शर्टाचं टोक धरून घरभर फिरायचीस. सावत्र हा शब्द मला शाळेतून माहीत होता. मी आईला म्हटलं, की देवीला कधी सांगू नकोस, ती माझा शर्ट सोडेल. आई हो म्हणाली. बस्स. एवढंच आहे ते तुझं गूढ. ज्याविषयी घरात कुणी बोलत नव्हतं, ते एका चौथीतल्या मुलाने सांगितलं होतं म्हणून.

आणि तू लिहितेस की ती सावत्र निघाली म्हणून तुला सुटल्यासारखं वाटलं. देवी, मी पन्नास वर्षांचा माणूस आहे, बँकेत माझ्या हाताखाली चौदा जण आहेत, आणि त्या वाक्याने मी चौथीत जाऊन बसलो.

आईचं पत्र आलं आहे. तू तिच्या पोटची आहेस, हे तुला सांगायची तिने माझ्याकडे परवानगी मागितली आहे. पुन्हा वाच हे. मी तिला आजच कळवलं की शब्द परत घेतला. आता ती तुला सांगेल. मी आधी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस, तिचं तिला सांगू दे. चकित झाल्यासारखं कर. तुला नाटक जमत नाही हे मला माहीत आहे, तरी प्रयत्न कर.

रागावलेला नाही. लागलं मात्र आहे. ते जाईपर्यंत समजून घे.

तुझा,
दादा


डोंबिवली पूर्व
१७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

सा. न., आणि या वेळी नमस्कार नुसता लिहिण्यापुरता नाही.

काल आईने सांगितलं. मी चकित झाल्यासारखं केलं. तिने मधेच थांबून विचारलं, की विनीतने तुला आधीच कळवलं ना, मग डोळे कशाला एवढे मोठे करतेस, अंजन घातल्यासारखे दिसतात. तर तो प्रयोग तिथेच पडला. तुझ्यावरही तिचा संशय आहे, सांभाळून ये.

ती स्वतःसाठी काहीच लपवत नव्हती आणि मी तिला आरोपी केलं. दादा, मला वाटत होतं की मी स्वतःला शोधते आहे. मी नुसतं घरभर फिरून प्रत्येक वस्तूवर माझं नाव शोधत होते. तुझं नाव तिथे असेल हे एकदाही मनात आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं असं मी लिहिलं, ते खोडता येत नाही. खोडणारही नाही, तेव्हा ते खरं होतं. आता ते वाचलं की मला माझीच भीती वाटते.

मग मी तिला विचारलं, की आमच्यात फरक केलास का? वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, केला. माझ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती रडली होती, आपण दोघांत फरक करू असा तिला स्वतःचाच संशय होता. आणि तो खरा ठरला. मला ताप आला की तिचा जीव जास्त घाबरायचा. मग ती माझ्यापाशी येण्याआधी मुद्दाम तुझ्या अंगावरचं पांघरूण नीट करून यायची, तू गाढ झोपलेला असलास तरी. मला जवळ घ्यावंसं वाटलं की आधी तू खोलीत आहेस का बघायची. पुढे सवय लागली, म्हणाली, तू खोलीत नसलास तरी हात उचलेना.

हे दादाला कधी सांगू नकोस, असं तिने मला बजावलं. त्याला वाटेल, आईचं सगळं ठरवून केलेलं होतं. माझा हात धरून शब्द घेतला, आणि मी दिला. ती आता आत पडली आहे आणि मी तो मोडते आहे. या घरात शब्द पाळणारे तुम्ही दोघं पुरेसे आहात. तुला हे लागेल. पण ते तुझ्यापासून लपलेलं राहिलं, तर उद्या कुणीतरी पुन्हा माझ्यासारखं घरभर हिंडेल.

भाऊबीज गुरुवारी आहे. लागलं असेल तर ये आणि तिच्याशी भांड, ती एकदा तरी कुणाशी मोकळेपणी भांडू दे. नसेल लागलं तरी ये.

माया किती ठेवायची ते तू ठरव, मी आता मोजणार नाही.

तुझी,
देवी