नव्या मोटारीला करंजाचं तेल

आबा, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी मनातसुद्धा फारसं बोललो नाही. बोलायला गेलं की ती मोटारच आडवी येते.

धरणाच्या कामावरच्या कंत्राटदार साहेबानं नवी मोटार मागवली होती. पुण्याहून पौडमार्गे आली तेव्हा ती धुळीनं पार माखलेली होती. तुम्ही साहेबाकडे झाडलोट करायचात, म्हणून धुण्याचं काम तुमच्याकडे आलं. तुम्ही पाणी ओतताय आणि खालून गर्द हिरवा रंग निघतोय, इतका चकचकीत की त्यात तुमचं तोंड दिसतंय. ड्रायव्हर मुंबईचा. त्यानं माझ्यादेखत तुम्हाला बजावलं, "म्हातारबा, आधी भरपूर पाणी. धूळ वाहून गेली की मऊ फडकं. घासायचं नाही." तुम्ही मान डोलावलीत. मोटार नीट राखलीत तर धरण झाल्यावरही कायमची चाकरी आणि माळावर खोलीपुरती जागा देईन, असं साहेब म्हणाला होता. आपली भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. तुमचा सगळा जीव साहेबाच्या त्या शब्दात अडकला.

मी तेव्हा वीस वर्षांचा, सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेला, गावाबरोबर धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात बसणारा. त्या संध्याकाळी तुम्हाला बोलवायला आलो, तर तुम्ही मोटारीच्या दाराला करंजाचं तेल चोळत होता. पावसाळ्याआधी बैलगाडीच्या चाकांना चोळायचात, तसंच.

"आबा, उद्या सगळा गाव बसतोय. तुमीच तेवढे न्हाई."

"मी बसून जमीन ऱ्हानार हाय व्हय? ऱ्हानार आसंल तर सांग, आत्ता उठतो."

तुम्ही पुन्हा तेलात बोटं बुडवलीत.

"पाऊस तोंडाव हाय. रंगाला पानी लागलं तर फुगंल. जा तू."

तेलावर धूळ बसणार हे मला दिसत होतं. पण मी रागात होतो. काही न बोलता निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेब मोटारीतून सुरुंगांच्या बाजूला हिंडून आला. सगळ्या मोटारीवर दगडाची पूड चिकटली. पाण्यानं निघेना, तेव्हा तुम्ही गोणपाट घेतलंत आणि बैल घासावा तशी ती घासलीत. दोन्ही दारांवर ओरखडेच ओरखडे. कामावरची माणसं जमली.

"म्हातारबा, शिंगं रंगवायची राहिली की!" ड्रायव्हर म्हणाला.

"आन् झूल कुटं हाय?" हा आपल्याच गावचा, आमच्यातून उठून गंमत बघायला गेलेला.

साहेब हसला नाही. त्यानं तुमच्या हातातलं गोणपाट हिसकावून तुमच्या अंगावर फेकलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला.

मला बरं वाटलं, आबा. वाटलं, आता तरी येऊन आमच्यात बसाल. पण तुम्ही सकाळी पुन्हा तिथंच. आठ दिवस घागर भरून फाटकाशी उभे राहिलात आणि कोणी आत घेतलं नाही. आम्ही बसायचो तिथून तुम्ही दिसायचात. सोबतचे माझ्याकडे बघायचे, मी मान फिरवायचो.

मग खाचरं गेली, घर गेलं. माले गावी माझ्या मामाच्या पडवीत तुम्ही दोन वर्षं काढलीत आणि शेवटपर्यंत एकच विचारत राहिलात, "तेलानंच बिगाडलं का रं? बैलगाडीचं लाकूड न्हाई बिगडत." मी एकदाही उत्तर दिलं नाही. लोक जमिनीसाठी तुरुंगात गेले आणि माझा बाप साहेबाच्या मोटारीच्या रंगासाठी झुरला, हे मला तेव्हाही गिळवलं नाही, अजूनही गिळवत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या नातीनं शाळेत तुमच्यावर निबंध लिहिला. पणजोबांनी सत्याग्रहासाठी साहेबाची चाकरी सोडली, असं. बाईंनी तो वर्गापुढे वाचायला लावला. तिला ते मीच सांगितलंय. तिच्या बापालाही तसंच सांगितलं होतं. हा कागद त्यांच्या हाती लागायला नको, म्हणून पेटत्या बंबात घालतो आहे.