खुशालरावांची सहा सेकंदांची हाक न वगळण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
शेतीसल्ला प्रसारण केंद्र, अमरावती.

विषय : 'कामगंध सापळे कसे लावावेत' या व्हिडिओतील सहा सेकंदांचा भाग कायम ठेवण्याबाबत.
संदर्भ : आपला दि. ३ जून २०१९ चा आदेश व मला दिलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी नांदगाव खंडेश्वर उपकेंद्रात कंत्राटी संगणक चालक आहे. आपले व्हिडिओ लोक केव्हा आणि किती वेळ पाहतात, याचा मासिक अहवाल तीन वर्षांपासून मीच करते.

१. २०१६ साली लोक सकाळी व्हिडिओ पाहत आणि खाली प्रश्न विचारत. बोंडअळीच्या वर्षानंतर प्रश्न आटले, 'बैलजोडी विकणे आहे' असा मजकूर येऊ लागला. आता बहुतेक जण नुसते जोडलेले हात टाकतात. हे मी दरमहा कळवले. त्यावर आपल्याकडून 'पाहिले' एवढाच शेरा आला.

२. विषयांकित व्हिडिओ मात्र रोज दुपारी एकच्या सुमारास हमखास पाहिला जातो, आणि तोही फक्त सहा सेकंद. त्याने चॅनेलची पाहण्याच्या वेळेची सरासरी घसरते, म्हणून तेवढा असंबद्ध भाग १५ जूनपर्यंत काढावा, असा आपला आदेश आहे. भाग असंबद्ध आहे, हे मान्य. कपाशीत अळीचे पतंग पकडायचा सापळा बांधता बांधता शेतकरी खुशालराव घराकडे वळून हाक मारतात, "कौशल्या, पानी आन वं." चित्रीकरण मीच करत होते. 'हे नंतर काढून टाकू' असे मी म्हणाले आणि विसरले. नोटिशीतला हलगर्जीपणा मला कबूल आहे.

३. खुशालराव मार्च २०१८ मध्ये विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून वारले. आपल्या यादीत ते अजून 'प्रगतिशील शेतकरी' आहेत. रोज एक वाजता कोण पाहते, हे तपासायला मी एप्रिलमध्ये त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंनी तीच हाक लावून मोबाईल पाटावर ठेवला होता आणि पुढे भरलेला पेला. मी विचारले तर म्हणाल्या, "थे पानी मांगून राह्यले, बाई. मंग आनाव नाई का?" त्या रडत नव्हत्या. रडू मलाच आले. तेव्हापासून ऑफिसात पाणी प्यायला उठले की ती हाक माझ्या कानात येते आणि मी मागे वळून पाहते. मागे फक्त फाईलींचे कपाट असते.

४. पुढचे लिहायला भीती वाटते. मे महिन्यात कौशल्याबाईंचा मोबाईल अकरा दिवस दुरुस्तीला होता. तरीही अहवालात त्या अकराही दिवशी दुपारी एक वाजता एक प्रेक्षक दिसतो. तो प्रेक्षक मी आहे. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून मी ते सहा सेकंद पाहिले. केंद्राच्या आकड्यांत स्वतःची भर घालणे गैर आहे, हे मला कळते. पण माणूस पाणी मागत राहील आणि कोणी देणार नाही, हे माझ्याने सहन झाले नाही.

तरी माझ्यावर योग्य ती कारवाई करावी, कंत्राट वाढवू नये. मात्र तो भाग राहू द्यावा. तो काढायचाच असेल, तर कौशल्याबाईंना तसे सांगायला दुसरे कोणी पाठवावे. पंधरा तारखेलाही दुपारी एक वाजता त्या पेला भरून बसतील.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
सबीहा परवीन शेख नबी
नांदगाव खंडेश्वर, दि. १० जून २०१९

सोबत : मे महिन्याचा दुरुस्त अहवाल (अकरा दिवस शून्य).