पट्टीखालची फट

२५-१०-०३
आज चीटिंग केली. डोळ्यावरच्या पट्टीखालून बघितलं. नाकाशी फट राहते ना, तिथून.

खेळ विनूदादाचा. मोठ्या काकाचा लेक. मुंबईत उंदरांच्या कानांवर पीएचडी करतो. करंज्या खायला गावी आला तर जसा कलेक्टर आला. आये त्याला म्हनते, विनू अजून एक घे. मला म्हनते, बबन्या पानी आन.

सुली पन त्याच्याच ओट्यावर. गोमाकाकाची सुली, आमच्या शेजारची. मी बिबट्याचा आवाज काढला की हसनारी गावात ती एकटी, बाकीचे काठी घेऊन येतात. आता तिथं बसून डोळे मोठे करते. ग्लायसिन म्हने. नाव कसलं, कपडे धुवायची पावडर.

दादा बोलला, मेंदू खाली मानेकडं उतरतो तिथं दोन्ही कानांचे निरोप येतात. एका कानाचा निरोप बोलतो ‘वाज’. दुसऱ्याचा ग्लायसिन नावाचं रसायन सोडतो न् बोलतो ‘गप्प’. कोन भारी पडला त्यावरून कळतं आवाज कुठून आला.
सुली : म्हंजे गप्प करनारा पन पायजेच?
दादा : करेक्ट!
करेक्ट म्हने. माझं काळीज करपलं.

मग एकेकाचे डोळे सुलीच्या ओढनीनं बांधले, एका कानात कापूस कोंबला न् अंगनात गायीची घंटा वाजवली. ज्याचं त्याचं बोट भलतीकडं. हसून मेले सगळे. मग, “बबन, ये.”

माझा डावा कान लहानपनी फुटला. पू, तेल, झाडपाला सगळं झालं. आयेला वाटतं बरा झाला. तिथं भिंत हाय. हे कुनालाच माहीत नाय. न् दादानं कापूस कोंबला नेमका उजव्यात. जग बंद. घंटा वाजते का नाय ते पन कळेना. पन फटीतून दादाच्या चपला दिसत होत्या ना. चपला तिथं बोट. एकदा पन चुकलो नाय.

दादाचं तोंड उघडंच राहिलं. “एक कान बंद, तरी बरोबर? असं होऊच शकत नाही!”
सुली माझ्याकडं बघत होती. माझ्याकडं.

२६-१०
गावभर सांगत सुटलीय. बबन्याचे कान, बबन्याचे कान. चालताना उगाच छाती पुढं येते.

पन दादा सोडेना. मुंबईला चल बोलतो, मशिनवर तपासू. सुली बोलली, मी पन येऊ बघायला? दादा लगेच, ये की. लगेच! मला कधी असं लगेच बोलता आलं नाय. आला मोठा.

२८-१०
गोमाकाकाची गाय चांदी रानातून आली नाय. सिद्धगडाच्या अंगाला आता गवत पुरुषभर. गाय दिसत नाय, ऐकायची असते. म्हनून तर गळ्यात लाकडी घंटा, न् प्रत्येक घराची वेगळ्या आवाजाची.

गोमाकाका : बबन्याला न्या रे, त्याचे कान जबर.
मेलो.

मी, सुली, दादा. उभे राहिलो. टक टक आली. सुली बोलली, कुठं रे? मला सगळंच उजवीकडून येतं. घंटा, आये, देव बोलला तरी उजवीकडूनच. उजवीकडं बोट केलं.
दादा : मला वरून वाटतंय. पण बबनचं ऐकू.
माझं ऐकतोय! शिव्या दिल्या असत्या तर बरं.

ओहोळापर्यंत उतरलो. घंटा बारीक होत गेली, मग बंदच. सुलीचं तोंड उतरलं. अंधार पडायला आला, बिबट्या खरा पन असतो हितं. एकदम दादानं खांदा हलवला, “बबन, सुली मघापासून हाका मारतेय.” ती माझ्या डाव्या हाताला उभी. एवढ्या जवळ.
मी : ऐकलं गो, मुद्दाम नाय बोललो.
सुली बघत राहिली. मग चालत माझ्या उजवीकडं आली. “वर जाऊ.”

चांदी वरच होती. खुर दगडात अडकलेला, धडपडून पाय सोलला. अजून खाली गेलो असतो तर…

नाय लिहीत.

२९-१०
आज सुली बोलायला येते ती उजवीकडूनच. वळसा घालून येते. दादा ओट्यावर दोन्ही कान घेऊन बसलाय, त्याची किंमत पन नाय त्याला. त्याच्या डोक्यात वाज बोलनारा, गप्प बोलनारा, दोघं हायत. माझ्यात गप्प बोलनाराच नाय. म्हनून मी असा वांड असेन.

३०-१०
दादा उद्या सकाळच्या एसटीनं निघनार. मला घेऊनच जाईन बोलतो. सुलीनं त्याला लाडू बांधून दिले. त्याला.

मग मागच्या दारी आली. उजवीकडून.
“मशिनला फट नसते रे बबन्या.”
“कसली फट?”
“माझीच ओढनी, मला नाय माहीत? खरं सांग त्याला. कायतरी करल तो.”
“त्याला नाय सांगनार.”
“मग कुनाला सांगशील?”
“तूच सांगू नको म्हंजे झालं.”
“माझ्या गायीचा पाय गेला असता, मेल्या.” हसत नव्हती.

पिशवी भरलीय. पन खुंटीलाच हाय. सांगितलं तर दादा माझ्यावर माया करल न् सुली त्याच्याकडं अजून मोठे डोळे करून बघल. नाय सांगितलं तर मशिन सांगल.

दादा हाक मारतोय. अंगनातून का पडवीतून, देव जाने.

हे वाचनाऱ्या, कोन असशील तो. पाया पडतो रे तुझ्या. आयेला नको, गोमाकाकाला नको, दादाला तर नकोच नको. कुनाला बोलू नको.