दिनेओ हे नाव माझं

२ ऑक्टोबर
धाकट्या जावेला मुलगी झाली! शेजारच्या पोरींनी दिराच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतून बातमी दिली, घरात बाळंतीण असल्याची खूण म्हणून छपरात बोरू खोचला. रीतीप्रमाणे आता दोन महिने त्याला स्वतःच्याच घरात पाऊल टाकता यायचं नाही. फिरतोय बिचारा भिजलेल्या कोंबड्यासारखा.
मी आंबील घेऊन गेले. धाकटी थकलीय, पण ठीक आहे. मुलीचं नाक आमच्या घरचं.

३ ऑक्टोबर
लोकरीच्या शेडवर अकरा पोती निवडली. बाकीच्या दोघींनी मिळून आठ. बोटांना डोळे असावे लागतात – मला आहेत!

५ ऑक्टोबर
सासूबाई म्हणतात, मुलीचं नाव दिनेओ ठेवायचं. त्यांच्या आईचं नाव.
दिनेओ – वरून मिळालेल्या भेटी. नऊ वर्षांपूर्वी मी लग्न होऊन या डोंगरात आले, तेव्हा याच बाईने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि मला मादिनेओ केलं. दिनेओची आई! आमच्यात सुनेला नाव मिळतं ते तिच्या न झालेल्या पहिल्या लेकराचं. नाव आधी, लेकरू मागून. माझं मागून अजून आलेलं नाही. पण पाद्री, दुकानदार, शेडवरचा साहेब, सगळे मला दिनेओची आई म्हणून हाक मारतात आणि मी खणखणीत ओ देते. लाजायचं काय त्यात? यायची तेव्हा येईल.
आणि आता नाव धाकटीच्या मुलीला. मग मी कोण – पुतणीची आई?
तोंडावर सांगितलं, "आई, हे नाव तुम्हीच माझ्या अंगावर घातलंय. कातरून घ्यायला मी मेंढी नाही."
त्या हसल्या. म्हणाल्या, "तुझं काही जात नाहीये, पोरी. शनिवारी सगळ्यांसमोर बोलू."
बोलूच.

६ ऑक्टोबर
नवऱ्याला खाणीवर फोन केला. म्हणे आई बघून घेईल. जमिनीखाली मैलभर उतरणारा गडी, आईसमोर मात्र ब्र काढत नाही! असो. मी एकटी पुरेशी आहे.

७ ऑक्टोबर
वारा. लोकर सगळ्या अंगणात.

८ ऑक्टोबर
धाकटीकडे गेले. ती रडत होती. "जाऊबाई, शनिवारी तुम्ही नाही म्हणा. तुमच्या 'हो'शिवाय ते नाव ठेवता येणार नाही."
मला वाटलं, माझ्यासाठी रडतेय. मला भरूनच आलं. म्हटलं, काळजी करू नकोस, नाव माझं आहे, मी सोडणार नाही.
ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलंच नाही? तिचं नाव दिनेओ ठेवलं की ती तुमची झाली. दूध तुटलं की तुमच्या घरी येणार. मोठ्या सुनेचं घर रिकामं राहायला नको, असं आईंनी ह्यांना सांगितलंय. हे गप्प बसले."
काय बावळट मी! घरात एवढं शिजत होतं आणि मी नावावर पहारा देत बसले होते. सासूबाई माझं काही काढून घेत नव्हत्या. देत होत्या.
धाकटीने मुलीला माझ्या हातात दिलं, डोळे पुसायला. एवढीशी. माझं बोट धरलं तिने.
"तुम्ही नाही म्हणाल ना?" धाकटीने विचारलं.
"मी आहे ना," म्हटलं.

९ ऑक्टोबर
शेडवर बारीक लोकर जाड्याभरड्यात टाकली. दोनदा. साहेब म्हणाला, बरं वाटत नाही का? छान वाटतंय म्हटलं.

१० ऑक्टोबर
धाकटीला आधीच एक मुलगा आहे. अजूनही होतील, वय आहे तिचं. आमच्यात मूल असं देतात, काही नवल नाही. आणि जाणार कुठे? अंगणापलीकडच्या घरात तर येणार. रोज दिसेल तिला.
हे सगळं खरं आहे. पण त्यासाठी नाही. मला ती हवी आहे. एवढंच.

११ ऑक्टोबर, शनिवार
सगळे जमले. सासूबाईंनी विचारलं. धाकटी दारातून माझ्याकडे बघत होती, निश्चिंत.
मी हो म्हटलं.